‘इंग्रजी (भारत)’ निवडणाऱ्याला त्याचे स्पेलिंग दिसू द्या

प्रति,
डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि लिनक्सच्या इतर डिस्ट्रोंचे (तयार संचांचे) इन्स्टॉलर सांभाळणारी मंडळी, ग्नू गेटटेक्स्टचे देखभालकर्ते, आणि ग्नोम व केडीई या डेस्कटॉपांचे भाषांतर-समन्वयक यांस,

स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगून टाकतो. लिनक्स ही कार्यप्रणाली बसवताना जो माणूस भाषा इंग्रजी आणि देश भारत निवडतो, त्याच्या मशीनवर संदेशांच्या भाषांचा क्रम ‘एन_आयएन, मग एन_जीबी, मग एन’ (म्हणजे भारताची इंग्रजी, मग ब्रिटनची, मग नुसती इंग्रजी) असा आपोआप लागावा. आज अनेक मशीनवर तो नुसता ‘एन_आयएन, मग एन’ असा लागतो. मधली एक पायरी गाळल्यामुळे भारतातल्या वापरकर्त्याला पडद्यावर अमेरिकन स्पेलिंग दिसते. या एका पायरीसाठी हे पत्र आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि शाळेचा संगणक कक्षही सांभाळतो. तिथल्या मशीनवर लिनक्स आहे. विकत घ्यावे लागत नाही, जुन्या मशीनवर चालते आणि मुलांना सगळे उघडून बघता येते, म्हणून आम्ही ते घेतले. आपल्यापैकी बरेच जण हे काम नोकरी सांभाळून, रात्री जागून करतात याची मला जाणीव आहे. त्या कामाबद्दल आदर आहे म्हणूनच लिहितो आहे.

स्पेलिंगमधल्या एका अक्षराने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आणि इंग्रजी बोलणारी माणसे आहेत त्याचे काही बिघडत नाही. त्याला दोन्ही रूपे ओळखीची असतात. आमच्या मुलांचे तसे नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, पण वर्गाबाहेर त्या मुलांना इंग्रजी भेटते ते दुकानांच्या पाट्यांवर, वेष्टनांवर आणि पडद्यांवर. ही मुले स्पेलिंग डोळ्यांनी उचलतात. बालभारतीच्या पुस्तकात कलरमध्ये ‘यू’ आहे, नेबरमध्ये ‘यू’ आहे, सेंटरच्या शेवटी ‘आर-ई’ आहे. संरक्षण मंत्रालयाच्या इंग्रजी नावात डिफेन्स ‘सी’ने लिहिले जाते, श्रम मंत्रालयाच्या नावात लेबरला ‘यू’ असतो. पण मूल जिंप हा चित्रांचा प्रोग्रॅम उघडते आणि मेनूपट्टीवर त्याला ‘यू’ नसलेला कलर्स दिसतो, तोही रोज. लिबरऑफिसमध्ये मजकूर मध्यभागी आणायच्या बटणावर ‘ई-आर’वाले सेंटर असते. सहावीतल्या एका मुलीच्या वहीत अशा शब्दाभोवती मी लाल गोल केला, तेव्हा ती म्हणाली, ‘सर, कॉम्प्युटरमध्ये असंच आहे.’ तिचे म्हणणे खरे होते. त्या कॉम्प्युटरला आम्ही देश भारत सांगितला होता, तरीही.

असे का होते ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. हे पत्र वाचणाऱ्या इतर शिक्षकांसाठी मात्र सांगायला हवे. लिनक्सवरच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोग्रॅमचे संदेश गेटटेक्स्ट या साधनामार्फत पडद्यावर येतात. मूळ कोडमध्ये संदेश अमेरिकन इंग्रजीत लिहायची वहिवाट आहे आणि प्रत्येक भाषेचे भाषांतर वेगळ्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे भाषांतरांच्या फाइलमध्ये, राहते. मशीनवर एमआर_आयएन लावले, तर गेटटेक्स्ट आधी ‘मराठी-भारत’ असा कॅटलॉग शोधते, तो नसला तर नुसता ‘मराठी’ शोधते आणि तोही नसला तर मूळ संदेश जसाच्या तसा दाखवते. मराठीला हा नियम सोयीचा आहे, कारण मराठीचा कॅटलॉग एकच असतो. इंग्रजीला तो गोत्यात आणतो. एन_आयएनचा कॅटलॉग सहसा कोणी बनवत नाही. नुसत्या ‘एन’चाही नसतो, कारण मूळ संदेशच इंग्रजीत आहेत. उरतो तो अमेरिकन मजकूर. त्याच डिस्कवर, शेजारच्याच फोल्डरमध्ये एन_जीबीचा कॅटलॉग पडलेला असतो. कोणीतरी मेहनतीने एकेक संदेश तपासून त्यात ‘यू’ घातलेला असतो. पण गेटटेक्स्ट तो उघडतही नाही, कारण भारताच्या आणि ब्रिटनच्या स्पेलिंगचा काही संबंध आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीत प्रत्येक भाषा-देशाच्या सवयी नोंदवणारी ‘लोकॅल’ फाइल असते. तिच्यात चलन, तारीख, कागदाचा आकार, आकड्यांतले स्वल्पविराम, अगदी दूरध्वनीचा देश-क्रमांक लिहायलाही जागा आहे. ‘माझे भाषांतर नसेल तर अमक्याचे घ्या’ असे लिहायला जागा नाही.

ती जागा ‘लँग्वेज’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सुरू होताना प्रोग्रॅम वाचतात त्या सेटिंगमध्ये) आहे, आणि ती आपणच करून ठेवली आहे. तिथे अपूर्णविरामाने तोडलेली प्राधान्ययादी देता येते. संदेशांच्या बाबतीत ही यादी भाषा-देश ठरवणाऱ्या ‘लँग’ आणि ‘एलसी_ऑल’ या व्हेरिएबलांच्याही वर चालते. तिथे एन_आयएन, एन_जीबी, एन असा क्रम लिहायचा, लॉगआउट करून परत आत यायचे, की फाइल व्यवस्थापकापासून जिंपपर्यंत स्पेलिंग बदललेले दिसते. तारखा, रुपयाचे चिन्ह आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम जागच्या जागी राहतात, कारण त्यांचा कारभार एलसीच्या वेगळ्या व्हेरिएबलांकडे आहे. आणि यात कसलाही धोका नाही. एखाद्या प्रोग्रॅमचा ब्रिटिश कॅटलॉग नसेल किंवा अर्धवट असेल, तर तिथे न सापडलेला संदेश आजच्यासारखाच मूळ रूपात येतो. वाईटात वाईट काय होईल, तर आज आहे तेच दिसेल.

ज्याला हवे त्याने ते स्वतः लिहून घ्यावे, असे म्हणता येईल. पण कुठे लिहावे? डेबियनच्या घराण्यात सगळ्या मशीनसाठीची फाइल ‘ईटीसी’खालच्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘लोकॅल’ नावाने असते, फेडोरात ‘ईटीसी’खालीच ‘लोकॅल डॉट कॉन्फ’ असते. एका वापरकर्त्यापुरता बदल करायचा तर कोणी होम फोल्डरातली ‘प्रोफाइल’ फाइल सांगते, कोणी सिस्टमडीचे ‘एन्व्हायर्नमेंट डॉट डी’. उबुंटूत एकेकाळी ‘पॅम एन्व्हायर्नमेंट’ नावाची फाइल हे काम करायची. पुढे वापरकर्त्याची ती फाइल वाचण्याची सोयच पॅमने कालबाह्य ठरवली. केडीईचा डेस्कटॉप प्लाझ्मा आपली निवड ‘प्लाझ्मा-लोकॅलआरसी’त ठेवते. लिबरऑफिसच्या मेनूसाठी ब्रिटिश इंग्रजीचे पॅकेज वेगळे घ्यावे लागते, फायरफॉक्सचे आणखी वेगळे. एवढे करूनही ज्या पडद्यावर मुले सगळ्यांत आधी येतात तो लॉगिनचा पडदा वापरकर्त्याची फाइल वाचत नाही, त्याला मशीनभराची फाइल लागते. एका अक्षरासाठी पालकांना किंवा गावातल्या शिक्षकाला या वाटेने पाठवणे योग्य नाही.

केडीईच्या मंडळींचे इथे कौतुक करायला हवे. प्लाझ्माच्या सेटिंगमध्ये भाषांची उतरती यादी माऊसने लावता येते, फाइल शोधावी लागत नाही. ग्नोममध्ये अशी यादी नाही, पण ‘भाषा’ ब्रिटनची आणि ‘फॉरमॅट’ भारताचे अशी जोडी लावता येते. सध्या मी इतर शाळांना हीच जोडी सांगतो आणि ती नीट चालते. पण ती चालते ते सांगणारा कोणी असला तर. इन्स्टॉलरने देश विचारला आणि माणसाने खरे उत्तर दिले, तर त्यानंतर त्याला ब्रिटनमध्ये असल्याचे भासवावे लागू नये.

सांगणारा नसेल तर लोक काय करतात तेही पाहिले आहे. यादीत ‘इंग्रजी (अमेरिका)’ सगळ्यांत वर असते, तीच ठेवून पुढे जातात. मग तारखेत महिना आधी येतो आणि ३ एप्रिल की ४ मार्च असा घोळ होतो. बारा लाखांचा आकडा मिलियनच्या गटांत तुटतो. कागदाचा आकार ‘लेटर’ धरला जातो. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटरचा असतो आणि आमच्या प्रिंटरमध्ये असतो तो ए-फोर, २१० बाय २९७ चा. प्रश्नपत्रिकेचा समास हलतो, किंवा प्रिंटर लेटर कागदाची वाट बघत दिवा लुकलुकवत बसतो. याउलट सगळेच ब्रिटनचे ठेवले तर कागद आणि तारीख सुधारते, पण रुपयाच्या जागी पौंड येतो आणि लाख-कोटी जातात. एन_आयएन हे लोकॅल याच कारणांसाठी बनले आणि चांगले बनले. स्पेलिंगपाशी ते हात टेकते.

आता ज्या गोष्टीचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते ती सांगतो. स्पेलिंग तपासणाऱ्या कोशांच्या बाबतीत हा प्रश्न आपण कधीच सोडवला आहे. फेडोराच्या हनस्पेल या स्पेलिंग-तपासनीसाच्या पॅकेजमध्ये एन_आयएन हे ब्रिटिश कोशाचेच दुसरे नाव म्हणून जोडलेले आहे. त्याच यादीत आयर्लंड, न्यूझीलंड, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, जमैका अशी नावे आहेत. भारतात कोणते स्पेलिंग चालते हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवले आणि एका दुव्याने काम संपवले. त्याचा परिणाम असा, की लिबरऑफिस रायटरमध्ये दस्तऐवजाची भाषा ‘इंग्रजी (भारत)’ ठेवून मुलाने ‘यू’ न घालता कलर लिहिले, तर खाली लाल नागमोडी रेघ येते. त्याच वेळी, त्याच खिडकीत, दोन बोटे वर, मेनूमध्ये तोच शब्द ‘यू’शिवाय लिहिलेला असतो. एकच प्रोग्रॅम त्या मुलाला चूक दाखवतो आणि तीच चूक स्वतः करतो. मुलांना हे कसे समजावायचे? मी समजावतो, अमेरिका आणि ब्रिटन असा धडाही त्या निमित्ताने घेतो. मोठ्या मुलांना तो आवडतो. चौथी-पाचवीतली मुले मात्र गोंधळतात आणि त्यांचा दोष नाही.

युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-देशांच्या माहितीसाठ्यातही हे नाते नोंदलेले आहे. तिथे एन_आयएनचा पालक म्हणून थेट ‘एन’ धरलेला नाही. मध्ये ‘एन_००१’ म्हणजे जागतिक इंग्रजी असा दुवा आहे, आणि एन_जीबीही त्याच दुव्याखाली येते. म्हणजे तारखा आणि देशांची नावे पुरवणाऱ्या यंत्रणेला भारतीय इंग्रजी कोणाच्या जवळची आहे ते माहीत आहे. ते नाते गेटटेक्स्टपर्यंत पोचलेले नाही, एवढेच.

अशा पायऱ्या इतर भाषांना आपण देताच. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये नॉर्वेच्या दोन लेखी रूपांपैकी बुकमोल निवडली, तर प्राधान्ययादीत बुकमोलनंतर जुना नॉर्वेजियन संकेत येतो, मग नुनोर्स्क हे दुसरे रूप येते आणि इंग्रजी शेवटी येते. कारण बुकमोल वाचणाऱ्याला नुनोर्स्क इंग्रजीपेक्षा जवळची आहे. सर्बियनच्या सिरिलिक भाषांतरावरून लॅटिन लिपीतले भाषांतर यंत्राने काढण्याचे साधन गेटटेक्स्टच्या पेटीतच येते. इंग्रजीचेही पाहा. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे दाखवणारा इंग्रजीचा वेगळा कॅटलॉग गेटटेक्स्ट आपोआप बनवून देते. ग्नोममध्ये शेव्हियन या इंग्रजीसाठी बनवलेल्या वेगळ्या लिपीतले कॅटलॉग आहेत. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स-इलेव्हनच्या रंगांच्या यादीत ‘ग्रे’ हा करडा रंग ‘ए’नेही लिहिलेला आहे आणि ‘ई’नेही, दोन्ही चालतात. ही सगळी कामे मला मनापासून आवडतात. छोट्या गटाच्या सवयीला जागा करून देणे ही या चळवळीची जुनी रीत आहे, आणि भारतात इंग्रजी लिहिणाऱ्यांचा गट तर छोटाही नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू मराठी वापरणाऱ्यांची आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या काही मशीनवर पूर्ण मराठी लावलेले आहे. मराठी भाषांतर अनेक प्रोग्रॅममध्ये अपुरे आहे. ते पुरे करणे आमचे, मराठी माणसांचे काम आहे आणि तो वेगळा विषय आहे. पण जिथे मराठी संपते तिथे त्या मुलाला काय दिसते? अमेरिकन इंग्रजी. म्हणजे मराठी निवडणाऱ्याच्याही यादीत शेवटी एन_जीबी हवे: आधी एमआर_आयएन, मग एमआर, मग एन_जीबी, मग एन. गोव्यातल्या कोकणी लोकॅललाही हेच लागू आहे, आणि गुजराती, कन्नड, तमिळलाही.

यादी हाताने लावणाऱ्यांसाठी एक सापळाही आहे, तो इथेच नोंदवतो. इंग्रजी आधी आणि मराठी नंतर हवी म्हणून कोणी एन_जीबीच्या पुढे एमआर लिहिले, तर ज्या प्रोग्रॅमचा ब्रिटिश कॅटलॉग नाही तो थेट मराठीत उघडतो. मूळ संदेश इंग्रजीतच आहेत आणि इथे थांबायला हवे, हे गेटटेक्स्टला कळत नाही. त्यामुळे एक खिडकी इंग्रजीत आणि दुसरी मराठीत असे दृश्य तयार होते आणि लोक समजतात की मशीन बिघडले. केडीईच्या ‘के-आय-एटीन-एन’ या भाषांतरे दाखवणाऱ्या लायब्ररीत ‘एन_यूएस म्हणजे मूळ संदेश’ अशी जाण आहे. गेटटेक्स्टच्या मंडळींनी मूळ भाषेची अशी खूण ठेवायचा विचार जरूर करावा.

आक्षेप मी ऐकलेले आहेत. ‘एन_आयएनचे भाषांतर तुम्हीच का करत नाही?’ करता येईल. ब्रिटिश कॅटलॉगची नक्कल करून वर भारताचे नाव घालता येईल. पण ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, आणि प्रत्येक वेळी हजारो संदेशांची ती नक्कल ताजी करत बसावे लागेल. ब्रिटिश गटाने केलेले काम उचलणे शक्य असताना ही मेहनत वाया आहे. ती मराठी भाषांतरात घातली तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

‘ब्रिटिश कॅटलॉगमध्ये शब्दही वेगळे असतात,’ हा आक्षेप रास्त आहे. जुन्या ग्नोममध्ये ब्रिटिश इंग्रजी लावली की ट्रॅशची वेस्टबास्केट व्हायची, आणि आपल्याकडे हा शब्द कचरापेटीसाठी कोणी फारसा वापरत नाही. तरीही मला ही किंमत मान्य आहे. अनोळखी शब्द मूल चित्रावरून ओळखते आणि एक नवा शब्द शिकते. ओळखीच्या शब्दाचे दुसरे स्पेलिंग त्याला पहिल्याबद्दलच शंका घ्यायला लावते.

‘भारतातल्या आयटीत अमेरिकनच चालते,’ असेही म्हणतात. हिंजवडीत परदेशी ग्राहकासाठी लिहिणाऱ्याला अमेरिकन स्पेलिंग लागते हे खरे आहे. त्याने ‘इंग्रजी (अमेरिका)’ निवडावे, त्याला तेच मिळावे. सीएसएसमध्ये आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषांत राखीव शब्द आहेत तसेच राहावेत, आमची मुलेही ते तसेच टाइप करतात. प्रश्न फक्त माणसासाठी लिहिलेल्या मेनूंचा आणि संदेशांचा आहे, आणि ज्याने स्वतःहून भारत निवडला त्याचा आहे.

तेव्हा नेमके करायचे काय? इन्स्टॉलर सांभाळणाऱ्यांनी देशावरून प्राधान्ययादी काढणाऱ्या तक्त्यात एन_आयएनपुढे एन_जीबी जोडावे, आणि लिबरऑफिस व फायरफॉक्स बसवताना त्यांची ब्रिटिश पॅकेजेस सोबत घ्यावीत. इंग्रजीच्या सगळ्याच देशांना डोळे मिटून हे लावू नये. फिलिपिन्सचे वळण अमेरिकन आहे, आणि कॅनडाचे स्वतःचे वेगळे आहे, त्यांचे कॅटलॉगही अनेक ठिकाणी आहेत. ग्नोमच्या मंडळींनी प्लाझ्मासारखी उतरती यादी सेटिंगमध्ये द्यावी. गेटटेक्स्टच्या मंडळींनी पालक-लोकॅलची कल्पना शोधक्रमातच आणली, तर इन्स्टॉलरवर अवलंबून राहावे लागणार नाही आणि आधीपासून चालू असलेली लाखो मशीनही पुढच्या अपडेटमध्ये आपोआप सुधारतील. हे काम मोठे आहे, त्याला वेळ लागेल. म्हणून तक्त्यातली एक नोंद आधी व्हावी.

चाचणीसाठी आमच्या शाळेची मशीन उपलब्ध आहेत. नव्या क्रमाने बसवलेल्या डेस्कटॉपवर कुठे अमेरिकन रूप राहिले, कुठे ब्रिटिश शब्द आमच्याकडे कळत नाही, कुठे मराठीच्या मध्ये इंग्रजी डोकावते, याची नोंद आठवी-नववीची मुले पडद्याच्या चित्रांसह करून देतील. चाचणीची प्रत दिवाळीच्या सुट्टीआधी मिळाली तर दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला अहवाल पाठवता येईल.

कळावे,
आपला,
मराठी माध्यमाच्या शाळेतील एक इंग्रजी शिक्षक,
जिल्हा सातारा